निघताना विचारू नये

हेल्डसे बेट, १२ ऑगस्ट १९३१

प्रिय गिर्झी हिस,

अ. उ. आ.

तुझी लेक सुखरूप आहे, हे आधी सांगते, नाहीतर तू पुढचं वाचायचीच नाहीस. मेरन रोज सकाळी आपल्या दोघींच्या बाबांची छोटी होडी घेऊन एकटीच निघते आणि आसपासच्या ओसाड बेटांवर दिवसभर हिंडते. संध्याकाळी येते ती बुटांत पाणी, केसांत मीठ आणि पोटात आग घेऊन. धुरावर टांगलेल्या मटणाचा रस्सा वाडगेच्या वाडगे ओरपते. तुमच्या लीथमध्ये मास्तरणींना उपाशी ठेवतात काय गं?

कुठल्या बेटावर गेली होती, काय पाहिलं, हे सगळं आल्यावर सांगते. निघताना मी विचारत नाही. समुद्रावर निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारायचं नाही, हे तुला का नव्यानं सांगायला हवं? पोरीला त्याची भारी गंमत वाटते. वाटू दे.

पुढचा गुरुवार तिचा शेवटचा दिवस, शुक्रवारी जहाज. त्या दिवशी लांबा किंवा स्वार्टा बेट पुन्हा पाहावं, की न पाहिलेल्या ग्रुनावर जावं, हे तिचं अजून ठरत नाही. शेजारचा लाउरी कालपासून धक्क्यावर कुरकुरत बसलाय. वारा नाही, तरी लाटा मोठ्या येतायत, आणि सील खाडीत पार आत येऊन बसलेत. त्या म्हाताऱ्याला काय, ऊन पडलं तरी खुपतं. पण खरं सांगायचं तर मलाही झोप नीट लागत नाही.

जावईबापूंना विचारलंय म्हणून सांग. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ओस्लाताई

---

लीथ, १६ ऑगस्ट १९३१

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि मग हसूच विरलं. ताई, माझ्यासाठी एवढं कर. गुरुवारी तिला विचार. कुठे जातेस, कुठल्या बाजूनं परतणार, सगळं विचार. तुमचं ते जुनं खूळ मला ठाऊक आहे, मी काही लीथमध्ये जन्मले नाही. बाबांना कुणी विचारलं की ते वल्ही आत टाकून घरी यायचे आणि दिवसभर चुलीपाशी फुगून बसायचे. आई म्हणायची की चला, आज तरी माणूस कोरडा आहे.

मला तेच हवंय गं. तू विचारलंस आणि पोर चिडून मागे फिरली, तर माझ्या जिवाला बरंच. चारचौघी तुला नावं ठेवतील, ठेवू देत. तू आजवर गावाला भ्यालीस, एक दिवस माझं ऐक.

यांना तुझा निरोप दिला. त्यांना वरचेवर खोकला आहे, बाकी ठीक. धाकटीवरचा लोभ कमी नसावा.

तुझी,
गिर्झी

---

हेल्डसे बेट, २२ ऑगस्ट १९३१

प्रिय गिर्झी,

जहाजाच्या कप्तानाकडे दिलेली तार तुला मिळाली असेल. तारेत सगळं मावत नाही.

तुझं पत्र मला बुधवारी मिळालं. गुरुवारी सकाळी ते माझ्या एप्रनच्या खिशात होतं. मेरन होडीत बसली, मी भाकरीचं गाठोडं तिच्या हातात दिलं. तुझा प्रश्न जिभेवर आला होता गं. लाउरीची बायको मागे उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत. मेरन हसली आणि म्हणाली की मावशी, आज शेवटचा दिवस, आज तरी विचार. मी तोंडावर हात ठेवला आणि रीतीप्रमाणे पाठ फिरवून घरी आले.

दुपारी धुकं आलं. एवढं दाट, की मला माझं कुंपण दिसेना. मग वारा सुटला. संध्याकाळी लाउरी आणि त्याचा भाऊ होड्या काढायला निघाले आणि त्यांनी मला विचारलं की पोर कुठल्या बेटावर गेलीय. तीन बेटं तीन दिशांना, होड्या दोनच, आणि सगळा गाव माझ्याकडे बघत होता. मला सांगता येईना. माझ्या घरची पोर, आणि मला सांगता येईना!

लाउरी होडीत चढला तेव्हा मी विचारलं, अगदी ओरडून, की कुठे चाललास. त्याच्या बायकोनं कपाळावर हात मारला. लाउरी थांबला, टोपी काढली आणि म्हणाला की ओस्ला, मी स्वार्टाला चाललोय. त्याचा भाऊ म्हणाला, लांबाला. कुणी मागे फिरलं नाही. ग्रुनाला जायला कुणीच उरलं नव्हतं. तिथे ते दोघे काल सकाळी गेले, हाती काही लागलं नाही. काल दुपारी आपल्या किनाऱ्याला एक वल्हं लागलं. बाबांनी कोरलेली खूण त्यावर आहे. मी ते घरात आणलंय, पुसलं नाही.

आजही होड्या गेल्यात. आता धक्क्यावरच्या सगळ्या बायका विचारतात, लाउरीची बायकोसुद्धा. तू ये. मला काय बोलायचं ते तोंडावर बोल, मी ऐकेन. लोभ असू दे असं लिहायला मला तोंड राहिलं नाही.

ज्यांना ज्यांना विचारलं, ते सगळे परत आले गं.

ओस्ला