उजवीकडचा काठ

आये, येत्या रविवारी मी समुद्रात उतरणार आहे. धरमतरपासून मुंबईपर्यंत पोहायचं. सोबतीला होडी असते, पण तिला हात लावला की सगळं बाद. या वयात ही कसली थेरं, असं तू म्हणाली असतीस आणि बोलता बोलताच टॉवेल शोधायला लागली असतीस. नदीत घोट्याच्या वर कधी उतरली नाहीस तू, आणि पोरगी मात्र मासोळी निघाली.

मला शिकवणारी मुलगी कर्जतची आहे, माझ्यापेक्षा खूप लहान आणि भलतीच कडक. मोहोपाड्याहून खोपोलीपर्यंत सायकल हाणायला लावते, डोंगर चढायला लावते, रबरी पट्टे ओढून घेते. "नुसतं पोहून दम वाढत नाही, ताई. आठवड्यातले दोन दिवस पाण्याला शिवायचंच नाही." मला हसूच आलं. पावसाळ्यात नदी फुगली की तू मला पाण्यावरून ओढून लावणीला शेतात उभं करायचीस. मी रुसून बसायचे. तू म्हणायचीस, "दम काय पान्यातच असतो का गं? वाक. आनि बांध येईस्तोवर कंबर सरळ करू नको." भातं कापून झाली की मी पुन्हा नदीत उतरायचे आणि उन्हाळ्यात जिथं धापा टाकत थांबायचे, तिथून सरळ पुढं जायचे. तुला ते दिसायचं.

अडलं होतं ते खांद्यावर. लांबचं पोहून आले की डावा खांदा सुजायचा, रात्री कूस बदलता यायची नाही. त्या मुलीनं मोबाइलवर माझं पोहणं टिपलं आणि मलाच दाखवलं. "ताई, उजवीकडं कोण हाय? सारखं तिकडंच बघता." मी श्वास फक्त उजवीकडून घेत होते आणि सगळा भार डाव्या हातावर येत होता. असंच चाललं तर अर्ध्यातच होडी धराल, म्हणाली. मी म्हटलं, लहानपणची सवय आहे. तिला काय सांगणार, उजवीकडं तू असायचीस म्हणून.

तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. मी लहान आहे, वीजघराचं पाणी सुटलंय, ऐन उन्हात नदी भरून वाहतेय. तरंगायला पाठीला बांधायचा डबा सोडून मी पहिल्यांदाच पुलाकडे निघालेय. उजव्या काठानं तू चालतेयस, हातात चपला, खांद्यावर माझा झगा आणि टॉवेल. करवंदीच्या जाळ्या पदराला ओढतायत, पण तुझी नजर माझ्यावरून हलत नाही. तोंड वर काढलं की तू दिसतेस. पुलाशी बाहेर आल्यावर मी विचारलं होतं, मी बुडाले असते तर तू काय केलं असतंस? "उडी मारली असती, दुसरं काय!" मी म्हटलं, तुला कुठं पवता येतं, मग दोघी बुडालो असतो. माझं डोकं खसाखसा पुसत तू म्हणालीस, "बुडलो असतो. पन तू एकटी नसतीस बुडली." आये, तुझ्याएवढं धीराचं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

गेले कित्येक महिने मी डावीकडून श्वास घ्यायला शिकतेय. सुरुवातीला नाकातोंडात पाणीच जायचं. तिकडं बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मानच वळायची नाही. आता वळते. खांदा गप्प आहे, आणि कर्जतवाली पहिल्यांदाच "बरं चाललंय" म्हणाली. हा कागद पोहायच्या पिशवीत ठेवला तर भिजून जाईल, म्हणून तांदळाच्या डब्याखाली ठेवून जाते. तुझ्यापर्यंत तसाही कुठून पोचणार.

दोन्हीकडून श्वास घेईन असा शब्द तिला दिलाय आणि तो पाळणार आहे. फक्त पहिला श्वास उजवीकडून घेईन. तिथं तू नसणार हे मला माहीत आहे. तरी बघणार आहे.