लघवीच्या पिशवीचं भोक

९ जाने. २००९, मंचर
गर्भपिशवी काढून चौदा महिने झाले. तेव्हापासून लघवी थांबतच नाही, नुसती झिरपते. त्या ऑपरेशनात लघवीच्या पिशवीला भोक पडलं, हे पुण्याच्या डॉ.नी सहा महिन्यांनी सांगितलं. मग पोट उघडून शिवलं. टाके धरले नाहीत.
चाळिशीत दुपटी. दिवसाला आठ. धुणंवाली पारूबाई आज म्हणाली, "ताई, घरात तान्हं न्हाई, मग ही दुपटी कुनाची वो?"
"माझी," म्हटलं. तिनं दुपटी पिळायला घेतली.

१७ जाने.
माझ्या भावाचा, सुभाषचा, दिल्लीहून फोन. तिथं एका मोठ्या हॉस्पिटलात यंत्राच्या हातांनी शिवतात. पोट फाडत नाहीत, पाच-सहा बारीक छेद.
हे दुकानातून आले. "जायचं का?"
"तुम्ही ठरवा."
"दुकानातलं मी ठरवतो. हे तू ठरव."
जाऊ म्हटलं. मग वाटाणे सोलत बसले.

३ फेब्रु., दिल्ली
उद्या ऑपरेशन. डॉ. माझ्यापेक्षा लहानच. विचारलं, हात यंत्राचे, मग तुम्ही कुठे? म्हणाले, तिथेच, कोपऱ्यात बसून मीच ते हात चालवणार. सुभाष बाहेर जाऊन रडला. मला काहीच... सही केली.

५ फेब्रु.
झालं काल. चार तास लागले म्हणे. पोटावर पाच पट्ट्या. मागच्याइतकं दुखत नाही. लघवी नळीतून खाटेखालच्या पिशवीत जाते. अंथरूण कोरडं. तरी दुपटं मागितलं. नर्सने दिलं, विचारलं नाही.

२० फेब्रु.
नळीतून औषध भरून फोटो काढला. गळती दिसली नाही. मग नळी काढली. दर दोन तासांनी जायचं, तुंबवायचं नाही. यांनी लगेच घरी फोन लावला, खुशीत आवाज चढला होता. मी भिंतीकडे बघत बसले. आनंद व्हायला हवा ना.

२४ फेब्रु.
पुण्याहून एसटी. हे पुढच्या सीटवर. खेडला एक म्हातारी चढली. "सरक गं बाई, लई दमले." माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. इतकं खेटून कुणी बसलं नव्हतं कधीचं. हलले नाही.
मंचर आलं. तिला हळूच उठवलं. मी उभी राहताना ओलसर लागलं. घाम असेल, ऊन होतं. हे खालून हाक मारत होते. मागे वळून सीट बघितली नाही.