पाणमांजरांमागचा आवाज

३ मार्च, सोमवार
फोन आला! सरकारी टीव्हीवर पाणमांजरांची डॉक्युमेंटरी, सहा भाग. आवाजासाठी मला बोलावलंय. बावीस वर्षं वाघ, किल्ले, लोकनृत्यं सगळ्यांना मीच बोलतं केलं. मधली चार वर्षं मात्र कुणाला आठवण नाही. कुणीतरी माझं नाव दाबून ठेवलं होतं, दुसरं काय!
आता व्याह्यांनी दर भेटीत विचारतात तसं ‘सध्या काय चालू?’ विचारावंच.
निश्चय: थंड पाणी बंद. रोज वीस मिनिटं मौन.
बायकोने विचारलं, नक्की तुम्हालाच बोलावलंय ना? प्रश्नाचा रोख आवडला नाही.

४ मार्च
फ्रिजमधली बाटली कुणीतरी मुद्दाम पुढे ठेवली होती. प्यालो. मौन उद्यापासून.

६ मार्च
पहिलं रेकॉर्डिंग. काहीतरी शिजतंय. स्टुडिओ सोडून एडिटरच्या खोलीत बसवलं. दार सताड उघडं. मी ‘नदीकाठची नीरव शांतता’ म्हणतोय आणि हा पठ्ठ्या बिस्किटं खातोय. हरकत घेतली. म्हणाला, चालतंय हो काका, कच्चा ट्रॅक आहे, चित्रं कापण्यापुरता.
काका! थेट वयावरच घसरला.
पण रीटेक एकही नाही. पूर्वी एका वाक्याला अकरा घ्यायचे. अनुभव बोलतो, बाबा.
प्रोड्युसरबाईंनी कागद पुढे केला. नीट वाचून सही करा म्हणाल्या. न वाचता केली. मुरलेल्या माणसाने कागद वाचला की लोक त्याला नवखा समजतात.

११ मार्च, दुपारी ४
कॉरिडॉरमध्ये एक तरुण बाई. गळ्याला मफलर, हातात थर्मास. घसा जपणारी! एडिटरला विचारलं, कोण ही? म्हणाला, त्या पुढच्या आठवड्यापासून येतील. कशाला ते बोलला नाही. मीही विचारलं नाही. आपल्याला माहीत नाही, हे अशा लोकांना कळू देऊ नये.

१२ मार्च
छडा लागला. रेडिओवर बाजारभाव वाचते म्हणे. म्हणजे माझ्या हाताखाली शिकायला येणार. एक अक्षर शिकवणार नाही!

१४ मार्च
सहाही भाग उरकले. ती बाई दाराशी उभी राहून ऐकत होती. वर म्हणते, सर, तुमच्यामुळे माझं काम फार सोपं होईल. चोरीची इतकी उघड कबुली मी आयुष्यात ऐकली नव्हती.

२९ मे
रविवारी टीव्हीवर पहिला भाग! शेजारी, दंतवैद्य, इस्त्रीवाला, सगळ्यांना घरी आमंत्रण. व्याह्यांना दोनदा फोन. बायको म्हणाली, आधी एकदा ऑफिसला विचारून तर घ्या. हिला कुणी फितवलंय का?

१ जून, रविवार
संध्याकाळी सात. सतरा माणसं, शेजाऱ्यांच्या खुर्च्या, व्याही पहिल्या रांगेत. नदी आली, धुकं आलं आणि बाईचा आवाज आला.
बाजारभाव!
तांत्रिक बिघाड, असं जाहीर करून स्वयंपाकघरात गेलो, प्रोड्युसरबाईंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, अहो, तुमचा आवाज एडिटरला चित्रं जुळवायला घेतला होता. ती जुळली, मग पुसून त्यावर या बाईंचा घातला. कागदात लिहिलंय, पहिल्या दिवशी सांगितलंही होतं.
ओट्याला धरून उभा राहिलो. फार वाईट वाटलं. कुणाला दोष द्यावा हेही पटकन सुचेना.
बाहेर आलो तर मी उठून गेल्याचं कुणाच्या लक्षातच नव्हतं. सगळे पडद्यावरच्या पिल्लांत गुंग. शेवटी व्याह्यांनी हात हातात घेऊन विचारलं, छान होतं हो, पण यात तुम्ही नेमकं काय केलंत?
पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, बावीस वर्षांत पहिल्यांदाच मला मध्ये झोप लागली नाही. आणि खुर्च्या इतक्यात परत करू नका, उरलेले पाचही रविवार व्याही येणार आहेत.