लोखंडी जिन्याखालची खुर्ची आणि बेघर यादीतील क्रमांक २१२

प्रति,
मा. गृहवाटप अधिकारी,
जिल्हा गृहनिर्माण कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : बेघर यादीतून क्रमांक २१२ न वगळणेबाबत, तसेच सोबतची खुर्ची ताब्यात घेणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या निरीक्षकांचा स्थळपाहणी अहवाल. २) आपली या महिन्याच्या दोन तारखेची नोटीस.

महोदय,

जरा जवळ सरकून बसावे, एक गोष्ट सांगतो. कीर्तनात मागे बसणाऱ्याला नुसते टाळ ऐकू येतात, अर्थ पुढच्यांच्याच पदरात पडतो; आणि आपण तर फारच मागे, दुसऱ्या मजल्यावर बसलेले आहात.

१. आपला क्रमांक २१२ म्हणजे इस्पितळाच्या धोबीखान्यात बावीस वर्षे चादरी धुणारी बाई. आम्ही तिला वहिनी म्हणतो. तिची खोली ज्या इमारतीत होती ती मालकाने पाडली आणि जागेवर अशी उंच इमारत उठवली की तिथल्या एका खोलीच्या भाड्यात वहिनीचा सगळा पगार बुडून वर हात हलवील. या जिल्ह्यात दुसरीकडेही तेच. म्हणून गेले आठ महिने वहिनी आणि मांडीचे हाड मोडलेली तिची सासू जुन्या गोदामाच्या लोखंडी जिन्याखाली राहतात. त्याच जिन्याच्या डाव्या हाताला मी खुर्च्या विणत बसतो, म्हणून पुढचे सगळे डोळ्यांनी पाहिलेले आहे.

२. मंगळवारी पाहणीस येतो, असे आपल्या निरीक्षकांचे पत्र आले. इथेच घात झाला. धोबीखान्यात पाहणी म्हणजे मोठ्या बाईंची फेरी. चादरीवर डाग दिसला की बोलणी, सुरकुती दिसली की दुप्पट बोलणी. बावीस वर्षांत 'पाहणी' या शब्दाचा दुसरा अर्थ वहिनीला कोणी शिकवला नाही. तिने पहाटे उठून जिन्याखालची फरशी तीनदा धुतली. इस्पितळाने टाकून दिलेली चादर ठिगळ लावून, कडक इस्त्री करून पडदा म्हणून टांगली. गोणपाटाची चौघडी करून पायपुसणे केले. सासूच्या अंथरुणाचे कोपरे असे दुमडले की म्हातारी पाकिटात घातलेल्या पत्रासारखी दिसू लागली.

म्हातारी पडल्या पडल्या म्हणाली, "अगं, आपण बेघर आहोत हे दाखवायचंय. मुलगी बघायला येतायत का ते?"

"आई, साहेब येणार आणि मी त्यांना घाण दाखवू? माझी बावीस वर्षं पाण्यात जातील," असे म्हणून वहिनी माझ्याकडे आली. "भाऊ, साहेबांना बसायला काहीतरी हवं." मी आदल्याच दिवशी विणून संपवलेली खुर्ची उचलून दिली. या प्रकरणात माझा अपराध एवढाच, पण तो मोठा आहे.

३. निरीक्षक आले. त्यांनी पायपुसण्यावर बूट पुसले, आत शिरताना जिन्याच्या पायरीवर डोके आपटून घेतले, कपाळ चोळत खुर्चीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "वा, झकास ठेवलंय!" वहिनी इतकी लाजली की काही विचारू नका. मग साहेबांनी लिहिले, ते असे : 'पडदा एक. पायपुसणे एक. खुर्ची एक. पाहुण्यास पाणी देण्याची सोय. अंथरुणास सुरकुती नाही. जागा राहती व राहण्यायोग्य. अर्जदार बेघर नाही.' जिन्याच्या भोकांतून म्हातारीच्या गुडघ्यावर पाणी गळते, हे लिहिले नाही. शौचाला बसस्थानकापर्यंत जावे लागते, हे लिहिले नाही. खुद्द स्वतःच्या कपाळावरचे टेंगूळ लिहिले नाही. सरकारी टेंगूळ असून त्याची नोंद नाही, याचे आम्हाला विशेष वाईट वाटले.

४. त्यानंतर आपली नोटीस आली. जागा राहती आहे, परंतु विनापरवाना आहे, सबब पंधरा तारखेपर्यंत ती सोडावी. त्याच कागदावर, त्याच शाईत, दोन ओळी खाली : राहण्यायोग्य जागा जो सोडील तो स्वखुशीने बेघर झाला असे समजून त्याचे नाव तीन वर्षे यादीतून वगळण्यात येईल. मी हे मोठ्याने वाचून दाखवले. वहिनी पडद्याची दोरी घट्ट करू लागली. म्हातारी म्हणाली, "म्हणजे घर आहे म्हणून घर नाही, आणि सोडलं म्हणूनही नाही. त्या साहेबाला आई आहे का, तेवढं विचारून ये." आपल्या सवडीने कळवावे.

५. या जिल्ह्याच्या यादीत एकोणीसशे नावे आहेत आणि यंदा वाटायला घरे चाळीस, असे आपल्याच फळ्यावर लिहिलेले आहे. यादी आखूड करायची तर घरे बांधावी लागतात, नाहीतर नावे खोडावी लागतात. खोडण्याला विटा लागत नाहीत, हे माझ्यासारख्या वेत ओढणाऱ्यालाही कळते. आपल्याला ते आधीच कळले, म्हणूनच आपण अधिकारी झालात, यात शंका नाही.

६. आपल्या खिडकीवरचे कारकून मला म्हणाले, "खुर्ची बाईची नाही म्हणताय, तर कुणाची ते सिद्ध करा." जिन्यापाशी परत येऊन ती उलटी केली. बैठकीखालच्या लाकडावर पांढऱ्या रंगात लिहिलेले आहे : 'जिल्हा गृहनिर्माण कार्यालय, खुर्ची क्रमांक ३७.' तेव्हा आठवले, आपल्याच शिपायाने ती विणायला आणून टाकली होती. म्हणजे आपले निरीक्षक आपल्याच कार्यालयाच्या खुर्चीवर बसले आणि तीच त्यांनी एका बेघर बाईची मालमत्ता म्हणून लिहिली! बूड कशावर टेकले आहे हे ज्याला ओळखू येत नाही, त्याने दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर आहे की नाही ते ठरवावे, ही आपल्या कार्यालयाची रीत धन्य होय.

७. तरी विनंती की खुर्ची वहिनीच्या नावावरून वजा करावी आणि पंधरा तारखेच्या आत फेरपाहणी करावी. या खेपेला केर तसाच राहू दे, पडदा काढून ठेव, असे मी वहिनीला परोपरीने सांगून पाहिले. तिने दिवसभर विचार केला आणि म्हणाली, "भाऊ, घर नाही मिळालं तर नाही मिळालं. पण ते मला जमायचं नाही." तेव्हा फेरपाहणीतही फरशी लख्खच असेल, हे आधीच कबूल करतो. निरीक्षकांना एवढेच सांगावे की यावेळी खुर्ची मिळणार नाही, आत शिरून ताठ उभे राहावे. उभे राहता आले, तर क्रमांक २१२ खुशाल खोडावा.

खुर्ची सोबत पाठवीत आहे. नवा वेत काही दिवस करकरतो. आपण टेकलात आणि ती करकरली, की महोदय, जिने तुमच्या माणसासाठी ती दोन्ही हातांनी पुसून मांडली होती, त्या बाईची आठवण ठेवावी.

आपला नम्र,
खुर्च्या विणणारा,
लोखंडी जिन्याच्या डाव्या हाताला.

दिनांक : ९

सोबत :
१) अहवालाची प्रत.
२) नोटिशीची प्रत.
३) खुर्ची, एक. मूळच पाठवली आहे, प्रत निघत नाही.