कॉम्प्युटरवरचा बिनशेपटीचा विंचू

४ जुलै १९९९, रविवार. शिराळा.
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या लोक पुढे शोधत बसतात, म्हणून चटकन दिसेल अशी लाल पुठ्ठ्याची वही घेतली.
काम असं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजात दीपमाला मॅडम मानववंशशास्त्र शिकवतात, डॉक्टरकीच्या पोरांचाही एक तास घेतात. त्यांना गावठी उपचारांचं प्रदर्शन पाहिजे, पण कॉम्प्युटरवर. पडद्यावर चित्र, खाली माहिती. कंपाउंडरकी करता करता मी रक्त ओढायच्या तुंबड्या, तापवून डाग द्यायच्या सळया, खल असं जन्मभर गोळा केलंय. माझ्याशिवाय आहेच कोण.
मॅडम याला व्हर्च्युअल म्हणतात. मी अर्थ लावला : वस्तू नाही, वस्तूची सावली. सावली कुणाला लागत नाही. आमची बायको गुणमाला म्हणाली, मग माळ्यावरचं भंगार आता टाकू का. माळ्याची शिडी काढून ठेवली.

९ जुलै.
सांगलीला जाऊन सयाजीच्या कॉम्प्युटर क्लासात चित्रं आत घातली. पहिल्या पडद्यावर माझं नाव, संग्राहक रामगोंडा अण्णा. अक्षरं जरा मोठी करायला सांगितली. सयाजी म्हणाला, आवं अण्णा, आनखी मोठी केली तर तुंबडीला जागा उरायची न्हाई. तुंबडी लहान केली.
माउस धरता आला. थोडा पळतो.

१५ जुलै.
नुसत्या सळया मॅडमना नकोत. डाग घेतलेलं माणूस पाहिजे. अंगावर काय उरतं ते पोरांना दिसू दे म्हणतात.
शेजारच्या भामाबाईकडे गेलो. लहानपणी कावीळ झाली म्हणून तिच्या दंडावर डाग दिला होता. तिथली कातडी पांढरी पडलीय. कोपरापर्यंत बाही असते, त्यामुळे गावाला पत्ता नाही. मी इंजेक्शन द्यायचो म्हणून मला ठाऊक.
आधी नकोच म्हणाली. नातीचं, पायलचं, पाटणला जमत आलंय. लोकं चट्टा दिसला की कोड म्हणत्यात, पोरीचं मोडंल. कुणाला कळणार नाही, असा मी शब्द दिला. मग म्हणाली, डाक्टर व्हनाऱ्या पोरास्नी कळलं तर बारक्या लेकरास्नी कुनी भाजायचं न्हाई. घ्या फोटू. पन तोंड न्हाई दिसलं पायजे बघा अण्णा.
शब्द म्हणजे शब्द.

२२ जुलै.
तोंडावर सयाजीकडून काळा चौकोन बसवून घेतला. खात्रीसाठी थोडा मोठाच. हात झकास आलाय. वर डाग, खाली मनगटापाशी गोंदलेला विंचू. त्याला शेपटी नाही. लहानपणी सुई सोसेना म्हणून भामाबाई मधूनच पळाली आणि गोंदणारीण शेपटीसाठी तिला गावभर शोधत फिरली. गाव अजून हसतं. चित्राला शोभा आली. खाली मी स्वतः लिहिलं : हा भाजल्याचा डाग आहे, कोड नव्हे.

८ ऑगस्ट.
कॉलेजच्या आधी गावानं बघायला नको का. नागपंचमीला सगळा मुलूख इथं लोटतो. क्लासची जाहिरात होईल म्हणून सयाजी जीपमधून यंत्र आणतोय. मॅडम म्हणाल्या होत्या, आधी वर्गात दाखवू, बाहेरचं मग बघू. फार काळजी करतात.
भामाबाईला विचारायचं राहिलं. विचारायचं काय, तोंड तर झाकलंय.
सत्काराचं भाषण पाठ होत आलं. गुणमाला म्हणाली, सत्कार करनार कोन. म्हटलं, ते अजून ठरायचंय.

१६ ऑगस्ट, नागपंचमी. दुपार.
शाळेच्या व्हरांड्यात झुंबड. लोक नाग सोडून आपल्याकडे. बारीकशी अडचण : सयाजीनं आणलेल्या यंत्रात मराठी अक्षरंच नाहीत. माहितीच्या जागी चौकोन, टिंबं, मधे एखादं इंग्रजी अक्षर. माझ्या नावाचंही तेच झालं. चित्रं मात्र आरशासारखी.

संध्याकाळ.
हात पडद्यावर आला आणि मागून गल्लीतली तानुबाई म्हणाली, आगं, ह्यो तर भामीचा इच्चू. सगळा व्हरांडा हसला. मग हसू ओसरलं. कुणीतरी म्हणालं, हिला कोड हाय व्हय, कवापासनं. डाग आहे, डाग आहे, असं मी सांगत होतो. बाहेर कर्णा चालू होता.
पायलचे होणारे सासरे लालासाहेब पुढच्या ओळीत होते. पाटणचे पाहुणे म्हणून मीच पुढे बसवले होते.

१७ ऑगस्ट.
माझी चूक नाही. तोंड झाकलं होतं. यंत्र सयाजीचं. शिवाय लोकांना समज नाही.
आमच्या बायका उन्हातान्हात तोंडावर पदर ओढून जातात. कोण गेली ते माणसं हातावरच्या गोंदणावरनं ओळखतात. मीही तसंच ओळखतो. हे वाक्य खोडावं म्हणतो.
पाटणचा निरोप आला : विचार करून कळवतो. भामाबाईकडे गेलो नाही. पाऊस होता. (नव्हता.)

२२ ऑगस्ट.
समजूत काढायला पाटणला गेलो. पुरावा म्हणून त्या चित्राची फ्लॉपी नेली. लालासाहेबांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, ह्यात कुठनं बघायचं.
भामाबाई माझ्या आधीच्या एसटीनं आली होती. माजघरात बाही वर करून बसली होती. लालासाहेबांची म्हातारी आई बोटानं चट्टा दाबून बघत होती. म्हणाली, न्हाई गं, ही भाजल्याली कातडी, आक्रसलीया. मग सुनांनी हात लावून बघितलं. मग दारातनं पुरुषही डोकावले. भामाबाई भिंतीकडे बघत होती.
लालासाहेब म्हणाले, आमची हरकत न्हाई. मला चहा दिला. प्यालो.
परतीच्या एसटीत तिच्या मागच्या बाकावर बसलो. बोलायचं होतं. कराडला उतरताना तीच म्हणाली, अण्णा, छत्री ऱ्हायली बघा तुमची.

५ सप्टेंबर.
मॅडमचा निरोप : पोरांना वर्गात प्रदर्शन आवडलं, सगळ्यात जास्त तो हात.
शेवटी भामाबाईकडे गेलो. चुकलो म्हणालो. फोटो काढून टाकू का विचारलं. म्हणाली, ऱ्हाऊ द्या, आता काय झाकायचं. पन खाली लिवलंय त्ये तेवढं वाचता येऊ द्या. बोलताना पदर बोटांपर्यंत ओढलेला होता. विंचू दिसला नाही.
तसाच सयाजीकडे गेलो. म्हटलं, यंत्रात अक्षरं घाल, डाग आहे हे वाचता आलं पाहिजे. आणि माझं नाव काढ.
म्हणाला, ऱ्हाऊ द्या की अण्णा, तसंबी कुनाला वाचता येतंय.
म्हटलं, आता येईल, म्हणूनच काढ.