लॉस एंजेलिसचे सकाळचे दहा

९ मार्च, सोमवार
न्यूयॉर्कच्या टीमचा कॉल आजपासून तीन आठवडे तासभर आधी. त्यांची घड्याळं काल उन्हाळ्यासाठी तासभर पुढं गेली, आपली इथली, विलायतेतली, महिनाअखेरीस जाणार. दर मार्चला मीच सगळ्यांना मेल टाकते, तरी दोघं विसरलेच. चांगलं सुनावलं. नंतर वाटलं, जरा जास्तच बोलले. असू दे.

संध्याकाळी शेजारचे मि. पेल्टन दारात, टोपी हातात. काही मागायचं असलं की टोपी हातात येते त्यांची. आईंना (सासूबाईंना) आनंद. नोव्हेंबरात सांगलीहून आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडं बघून म्हणाल्या होत्या, "अगं, हा तर फौजदार!" नाना (सासरे) अंथरुणावर होते तेव्हा दुपारी केबलवर एक अमेरिकन मालिका लागायची, बंदरातल्या पोलिसांची. हिरो पाण्यात उडी मारणार आणि फौजदार झालेले पेल्टन दोर धरून उभे राहणार. सहा वर्षं दोर धरला म्हणे. आईंना इंग्रजी शून्य, पण चेहरा पक्का लक्षात. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा लाजले होते चक्क. तेव्हापासून आमच्या घरात ते फौजदारच.

त्यांना ऑडिशन द्यायचीय. आता कोणी बोलवत नाही, घरीच व्हिडिओ काढून पाठवायचा. समोरच्या पात्राची वाक्यं कुणीतरी वाचावी लागतात. ते काम मॉरीन करायची, त्यांची बायको. ती जाऊन दोन वर्षं झाली. तू वाचशील का, म्हणाले. हो म्हटलं लगेच.

१० मार्च
कागद घेऊन आले. सात पानं. विसरायचा आजार झालेला बाप आणि त्याची मुलगी. मी मुलगी. अख्ख्या मालिकेतलं मोठं काम आहे, कोपऱ्यातलं नाही.

चहा घेता घेता स्वतःबद्दल बोलले. दोर सुटल्यावर सिनेमे केले, बहुतेकांत पहिल्या अर्ध्या तासात मेले. मग खोकल्याच्या औषधाची जाहिरात, ती मात्र वर्षानुवर्षं चालली. इकडं एका शूटिंगला आले, तिथं कपडेपटात असलेल्या मॉरीननं कोटाचं माप घेतलं, परत गेलेच नाहीत. इथं त्यांना अमेरिकन जनरल नाहीतर सिनेटर करतात, टेबलामागं उभे.

मग म्हणाले, पूर्वी सात पानं एका संध्याकाळी पाठ व्हायची, या वेळी तीन आठवडे लागले. "पुढच्या वेळी डोक्यात राहतील असं वाटत नाही. ही शेवटची." हसत म्हणाले. आईंनी मला विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, पाठांतर झालंय म्हणतात.

११ मार्च, बुध.
आमच्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग. आमची भिंत कोरी म्हणून. माझा फोन पुस्तकांच्या चळतीवर. प्रसादला (नवऱ्याला) मोजे उचलायला लावले.

ते सुरू करणार तेवढ्यात आईंचं स्वयंपाकघरातून खूण करणं. वाटीत दही-साखर. "तू दे त्यांना." मी म्हटलं, तुम्हीच द्या. "माझ्या हातानं नको गं. चांगल्या कामाला जातायत." नाना गेल्यापासून हे असंच. प्र.च्या नोकरीच्या वेळीही वाटी माझ्याच हातात दिली होती. मला आज एकदम राग आला. म्हटलं, आई, कुठल्या काळात आहात, त्यांची मोठी फॅन तुम्ही, तुम्हीच द्यायचं. ढकललंच त्यांना पुढं.

दिलं. ते उभे राहिले, तळहात पुढं केला, चाटूनपुसून खाल्लं. आई किती दिवसांनी अशा दिसल्या! गाल लाल.

मी वाचलं ते ऑफिसच्या मीटिंगची मिनिट्स वाचल्यासारखं, ऱ्हस्व-दीर्घ एकच. पण ते... ते "मला तुझं नाव आठवतंय, फक्त थांब जरा" म्हणाले तेव्हा माझी पुढची ओळच चुकली. पाचव्या पानावर एकदा अडकले. मग दुसरा टेक, तो स्वच्छ. दाराशी प्र. डोळे पुसत होता, नंतर कांदा म्हणाला. कांदा चिरलेलाच नव्हता घरात.

१२ मार्च, गुरु.
हे लिहायलाच हवं. जसं झालं तसं.

दुपारी तीनला त्यांनी टेक निवडला, दुसरा. मी घरूनच काम करत होते. कापून, नाव देऊन फाइल तयार ठेवली. लिंकवर टाकायची मुदत लॉस एंजेलिसचे सकाळचे दहा. ते म्हणाले, म्हणजे आपले पाच ना? मी म्हटलं, सहा. आठ तासांचा फरक. ते म्हणाले, लॉस एंजेलिसच्या बहिणीशी बोललो परवा, मला सात वाटला. मी हसले. म्हटलं, मि. पेल्टन, हे माझं रोजचं काम आहे, तुम्ही निवांत बसा. माझे शब्द. निवांत बसा.

ते बसले निवांत.

ऑफिसचा कॉल लांबला. पाच वाजून अठरा मिनिटांनी लिंक उघडली. बंद. परत उघडली. बंद. घड्याळ बघितलं, अजून चाळीस मिनिटं होती की! आणि मग सोमवार आठवला, तिकडची घड्याळं पुढं गेलेली, फरक सातच. न्यूयॉर्क. ती मेल. ते दोघं, ज्यांना मी झाडलं.

ऑडिशन मागवणाऱ्या ऑफिसला मेल टाकली, मग आणखी एक. फोन करायला हवा होता. फौजदारांना सांगायला हवं होतं, त्यांच्या एजंटनं तिथल्या तिथं फोन फिरवला असता. हे नंतर सुचलं असं म्हणायची सोय नाही, तेव्हाच सुचलं होतं.

सहाला कुंपणाशी आले. "गेली?"
"गेली," म्हटलं.

१३ मार्च
प्र.ला सांगितलं. तो म्हणाला, दोनशे जणांनी पाठवली असेल, त्यांनाच मिळालं असतं कशावरून. आणि आता सांगून म्हाताऱ्याला त्रास कशाला. ऐकायला बरं वाटलं. अर्धा दिवस पुरलं.

फौजदार कुंपणावरून हात करतात. मी कचऱ्याचा डबासुद्धा ते आत गेल्यावर बाहेर काढते.

१६ मार्च
त्या ऑफिसचं उत्तर. दोन ओळी, अतिशय गोड. मुदतीनंतर आलेलं बघता येत नाही, कळवल्याबद्दल आभार. मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली. फोल्डरचं नाव 'गॅस बिल'. शाब्बास मेधा.

१९ मार्च, पाडवा
मागच्या अंगणात गुढी. काठी म्हणजे पडद्याचा रॉड, कडुलिंब प्र.नं हाउन्सलोच्या देशी दुकानातून आणला. नाना गेल्यापासून सणावाराला आई लांब उभ्या राहून सांगतात, हे कर, ते कर. आज मी हळद-कुंकू लावायला गेले तर त्याच पुढं आल्या. म्हणाल्या, "आण इकडं, मी लावते." प्र.नं माझ्याकडं बघितलं. मी रडले असते, पण कशासाठी रडतेय हे मलाच धड कळत नव्हतं.

फौजदारांना बोलावलं होतं. कडुलिंबाचं पान चावून त्यांनी जे तोंड केलं त्याला बक्षीस द्यायला हवं. आई पदर तोंडाला लावून हसत होत्या. अजून काही कळवलं नाही त्यांनी, फौजदार म्हणाले. उशीर म्हणजे चांगली खूण असते त्यांच्या धंद्यात. मी आईंना भाषांतर करून सांगितलं. आई म्हणाल्या, त्यांना सांग, होणार. माझ्या तोंडून वदवलं ते.

माझं श्रीखंड प्र.च्या वाटीत लोटलं.

२४ मार्च, मंगळ.
एजंटचा फोन आला त्यांना. दुसऱ्याला घेतलं.

स्वतः सांगायला आले, टोपी हातात. माझी मदत फुकट गेली म्हणून मलाच सॉरी म्हणाले! म्हणाले, त्यांना दिसलं असणार. दुसरा टेक स्वच्छ होता पण डोळ्यांत दिसतं, माणूस ओळ शोधतोय की पात्र शोधतंय. कॅमेऱ्यापासून लपत नाही. एजंटला सांगितलं, यादीतून नाव काढ. पन्नास वर्षं पुरे.

तोंड उघडलंसुद्धा. मग म्हटलं, चहा?

नको म्हणाले. गेले. आईंना मी जेवढं सांगितलं त्याहून जास्त कळलं. खुर्चीत बसल्या, हात मांडीवर उलटे टाकून. मग म्हणाल्या, "मी म्हणत होते ना, माझ्या हातानं नको."

मी म्हटलं, छे, त्याचा काय संबंध. एवढंच म्हटलं. याच्या पुढचं एक वाक्य होतं माझ्याकडं. ते गिळलं.

२५ मार्च
दोन माणसं माझी चूक वाटून घेऊन बसलीत. एक म्हणतो, माझं डोकं गेलं. एक म्हणते, माझा हात वाईट. आणि मी ऑफिसात आज कुणाला तरी म्हणाले, चुकांची ओनरशिप घ्यायला शिका. जीभ कशी झडत नाही माझी.

आईंनी सकाळी तुळशीच्या कुंडीला पाणी घातलं नाही. मला सांगितलं घालायला.

२६ मार्च, गुरु.
प्र.ची इथं कायम राहण्यासाठीची परीक्षा आज, राजाराण्यांच्या सनावळ्या वगैरे. निघताना आईंनी दही कालवलं आणि वाटी माझ्या हातात ठेवून आतल्या खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं. पोटचा पोरगा परीक्षेला निघालाय आणि ही बाई त्याच्यासमोर येत नाही. माझ्यामुळं.

प्र. गेल्यावर आत गेले. बसले खाली. सगळं सांगितलं, मुदत, सात तास, आठ तास, बंद लिंक. घड्याळाचं त्यांना नीट कळेना, दोनदा सांगावं लागलं. देश एक आणि घड्याळ वर्षातून दोनदा हलवतात, हेच मुळात त्यांना पटत नाही. त्यांच्या मनगटावर अजून सांगलीचीच वेळ असते.

मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी बघितलंच नाही?"
"नाही."
"माझ्या दह्याचा काही दोष नाही?"
"नाही हो आई. सगळा माझा."

वाटलं, सुटतील. सुटल्याही, खांदे खाली आले. पण मग माझ्याकडं बघितलं ते बघणं मी विसरणार नाही. "दोन दिवस मी देवासमोर उभी राहिले नाही मेधा. तुला दिसत होतं."

दिसत होतं. हो म्हटलं.

जेवायला वाढलं मला. वाढून आत गेल्या. प्र. पास झाला, पेढे आणले, आमचे चेहरे बघून पुडा तसाच ठेवला.

२८ मार्च, शनि.
आई सकाळी एवढंच म्हणाल्या, फौजदारांना कधी सांगणार? मी म्हटलं, आज.

गेले. त्यांनी पुढच्या खोलीतल्या भिंतीवरचे फोटो उतरवून ठेवलेत. चौकटींचे पांढरे चौकोन उरलेत. बंदरातला तो दोरवाला फोटो माझ्या हातात दिला, म्हणाले, तुझ्या आईंना दे, त्यांना तो माणूस आवडतो. मला सांगायचं होतं ते तोंडातून आलंच नाही. थँक्यू म्हणाले. फोटो घेऊन परत.

आईंनी फोटो बघितला आणि टेबलावर पालथा ठेवला. "सांगितलंस?" मी मानेनंच नाही म्हटलं. "मग हा मी कसा घेऊ?"

२९ मार्च, रवि.
घड्याळं पुढं गेली. ओव्हनचं, गाडीचं, सगळं फिरत फिरत लावलं. फोटो अजून पालथाच.

कपडे वाळत घालत होते. फौजदार पलीकडं पक्ष्यांना दाणे टाकत होते. हात न थांबवता म्हणाले, बहिणीशी बोलायचंय आज, म्हणजे आता पुन्हा आठ तास झाले, नाही का?

मी हो म्हटलं.

"कालपर्यंत सात होते," म्हणाले. आणि दाण्याच्या पिशवीचं तोंड नीट गुंडाळत आत गेले.

आवाजात काहीच नव्हतं. नटाचा आवाज, मला काय कळणार. कधीपासून माहीत आहे? त्या दिवसापासून? चोवीस तारखेला मला सॉरी म्हणाले तेव्हाही? की खरंच फक्त बहिणीचं बोलत होते? ओले कपडे तसेच बादलीत टाकून आत आले.

आईंना सांगितलं काय झालं ते. म्हटलं, बहुतेक कळलंय त्यांना, आता वेगळं सांगायची काय... त्यांनी पुढचं ऐकून घेतलंच नाही. फ्रिज उघडला. चमच्याचा वाटीवर आवाज.

मला वाटलं, प्र.ला कुठं जायचंय का. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "हात पुढं कर."

केला. त्यांनी स्वतःच्या हातानं घातलं, साखर नीट विरघळलेलीसुद्धा नव्हती. खाल्लं मी. त्यांनी उंबऱ्यापर्यंत येऊन दार उघडून धरलं.

चपला घालायच्या आधी एवढं लिहितेय, दोन मिनिटं मागून घेतली. फौजदारांच्या स्वयंपाकघरात दिवा आहे. आई दारात तशाच उभ्या. तळहात अजून चिकट आहे. जाते.