मोडायचा तर समोर

गुरुवार, दुपारची भांडी विसळून झाल्यावर

माझ्या चिमणे,

तुला भरपूर आयुष्य मिळो आणि वेळेवर जेवायची बुद्धी होवो. माझे गुडघे कुरकुरतात, पण नांदतात.

तर आधी आला तो मुलगा, आपल्या शिवणवालीचा, वेल्डिंगचं काम करतो तो. दार अर्धं उघडलं तोच आत, आणि "मावशी, बघा कोणाला आणलंय," म्हणून बाजूला सरकला. मागे ती, त्याची आई. डोळ्यांवर काळा चष्मा, चाल एखाद्या नटीची. महिना-दीड महिना माझ्याशी बोलली नव्हती. आता आली ती सरळ माझ्या डब्यातून सुई काढून खिडकीशी गेली, चष्मा वर केला आणि पहिल्याच फटक्यात दोरा ओवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या बाहीला भोक आहे. कधीपासून हिंडतेस अशी?"

मी इतकी हसले की चहा उतू गेला.

तुला पहिल्यापासून सांगते, कारण फोनवर अर्धंच सांगितलं होतं. तुझा बाप इथेच बसला होता, आणि तो असला की मला मोकळं बोलता येत नाही. का ते तुला माहीत आहे.

टपालवाल्याच्या शर्टाचा खिसा तिने पाठीवर शिवला होता बघ. तो म्हणाला, आता पेन काढायला माणूस ठेवावा लागेल. सगळी गल्ली हसली, तीही हसली. मला हसू आलं नाही. तिला दिसेनासं झालंय हे मला एकटीलाच ठाऊक होतं. गळ्याची शपथ घालून तिने सांगितलं होतं की मुलाला कळता कामा नये. कळलं की तो मशीन विकेल आणि तिला घरी नेऊन खुर्चीत बसवेल, ही तिची धास्ती. मी शब्द दिला.

पुढे एक दिवस मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली. चिंधी बांधून पुन्हा शिवायला बसली. कापडाला रक्त लागत होतं, तेही तिला दिसत नव्हतं.

सांगावं तर शब्द जातो, न सांगावं तर बाई जाते. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून तुला विचारलं, तू ते नीतिशास्त्र शिकतेस म्हणून. तू बोलत बसलीस. हे बरोबर, पण तेही बरोबर. मनात म्हटलं, हिला वकीलच करायला हवं होतं. पण शेवटी एक बोललीस ते मी गाठीशी बांधलं. "आजी, लपून करावंसं वाटलं, तर कोणासाठी लपवतोय ते आधी बघ."

बघितलं. लपून फोन केला असता तर तो तिच्यासाठी नव्हे, तिचा राग चुकवायला. मग भर दुपारी गेले दुकानात, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि म्हटलं, "मी तुला दिलेला शब्द मोडणार आहे. तुझ्यासमोर मोडते, पाठीमागे नाही." आणि लावला फोन तिच्या मुलाला. ती ओरडली नाही. कात्री हातात धरून सगळं ऐकलं, मग म्हणाली, "ऊठ माझ्या स्टुलावरून."

तेव्हापासून ते दार मला बंद. माझ्या हातची भाजी मलाच अळणी लागायची. बरोबर केलंस, बरोबर केलंस, असं मनाला सांगायचे, आणि मन काही ऐकायचं नाही.

आणि निघालं काय, तर पिकलेला मोतीबिंदू. आणखी थांबली असती तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. मुलाने मशीन विकलं तर नाहीच, उलट त्याला लोखंडी दांडी स्वतः जोडून त्यावर हा एवढा मोठा दिवा लावून दिला. गल्लीभर ती सांगत फिरते की मैत्रिणीने शपथ मोडली म्हणून दिसतंय. मला मात्र म्हणाली, "माफ केलेलं नाही हां. दुसरा डोळा होऊ दे, मग बघू." आणि चहा दोनदा मागून घेतला. टपालवाला तो खिसा उसवू देत नाही, मिरवतो.

आता तुझं. तुझा बाप परवा पुन्हा विचारत होता, पोरीचे हिशेबाचे पेपर कसे गेले. मी खोकले. दर वेळी खोकते. बिचाऱ्याने खोकल्याचं औषध आणून दिलंय. गोड आहे, पिते. पण तू हिशेब सोडून नीतिशास्त्राला बसलीस, हे मी आणखी किती खोकून झाकू? तो रागावेल. रागावू दे. त्याचा राग दुधासारखा, वर येतो, आच बंद केली की खाली बसतो. त्याला मीच वाढवलंय.

तूच ये आणि तूच सांग. मी शेजारी बसेन. नाही आलीस, तर तुला फोन लावीन आणि तुझ्या कानांदेखत त्याला सांगेन. पाठीमागे नाही.

शिवणवाली आणि तिचा मुलगा रविवारी पुन्हा येतो म्हणून गेलेत, माझी बाही रफू करायला. तुझा बापही रविवारीच येतोय.

तुला दिलेला शब्द रविवारपर्यंत सांभाळणारी,
आजी